मी लिहिलेलं शिफारसपत्र

आमच्या घरात कौतुकाची पहिल्यापासून टंचाई. आईचा एखादा पदार्थ चांगला झाला तर बाबा "जमलाय" म्हणतात, आणि फारच चांगला झाला तर काही न बोलता पुन्हा वाढून घेतात. अमेरिकेतल्या विद्यापीठाने मला पीएचडीसाठी घेतल्याची मेल आली तेव्हा मी ती दोघांना मोठ्याने वाचून दाखवली. बाबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "उत्तर कधीपर्यंत द्यायचंय?" आई म्हणाली, "व्हिसा होईपर्यंत कुणाला सांगू नकोस." दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या दिवशी एवढाच सोहळा झाला. मला त्याचं काही वाटलं नाही, सवय होती. माझं लक्ष फोनकडे होतं. त्याच विद्यापीठाने माझ्या मैत्रिणीला नकार कळवला होता, आणि तिचं शिफारसपत्र मी लिहिलेलं होतं.

हे असं कसं, ते सांगायला हवं. शिफारसपत्र खरं तर शिक्षकांनी लिहायचं असतं. पण आपल्याकडे बरेच शिक्षक सांगतात, "ड्राफ्ट बनाकर भेज दो, मैं देख लूँगा." आमचे सर मनाने चांगले होते, पण त्यांच्या मागे तीन वर्ग आणि परीक्षांचे गठ्ठे. त्यांनी आम्हा दोघींनाही तेच सांगितलं. स्वतःची स्तुती स्वतःच लिहायची या कल्पनेने मला घाम फुटला. तेव्हा मैत्रिणीनेच तोड काढली. "तू मेरा लिख, मैं तेरा लिखती हूँ. शर्म भी नहीं आएगी और काम भी हो जाएगा."

ती गाझियाबादची. वडील एका कारखान्यात सुपरवायझर, घरात कॉलेजपर्यंत पोचलेली तीच पहिली. एम.ए.ची दोन वर्षं आम्ही एकाच बाकावर काढली आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही जोडीने केला. तिच्या घरामागच्या गल्ल्यांमध्ये बायका घरबसल्या तयार कपड्यांचे सुटे धागे कापून देतात. आम्ही त्यांच्या कामाची पाहणी करत होतो. पहिले आठ दिवस फुकट गेले. "आप काम करती हैं?" असं विचारलं की हातातली कात्री न थांबवता बाई सांगायची, "नहीं, हम तो घर पर ही रहते हैं." मी वैतागून म्हटलं होतं, विषयच बदलू. मैत्रीण मात्र एका उंबऱ्यावर फतकल मारून बसली आणि तिने विचारलं, "कल सुबह आँख खुलने से लेकर रात तक क्या-क्या किया, बताओ." ती बाई अर्धा तास बोलत होती. त्या एका प्रश्नावर आमची सगळी पाहणी उभी राहिली. तो प्रश्न तिचा होता. मी वहीत उतरवून घेत होते.

तिचं पत्र मी एका रविवारी बसून लिहिलं. पहिला मसुदा खरंच मनापासूनचा होता. "आउटस्टँडिंग" हा शब्द दोनदा आला होता, आणि तो प्रश्न कुणाला सुचला, हेही स्वच्छ लिहिलं होतं. मग कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी तो बाबांना दाखवला. बाबा केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. हाताखालच्या लोकांचे वार्षिक अहवाल लिहिण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी लाल पेन काढलं.

"हे 'आउटस्टँडिंग' काढ. अख्ख्या नोकरीत मी हा शेरा दोनदा दिलाय, आणि दोन्ही वेळा पानभर कारण लिहावं लागलं. 'व्हेरी गुड' कर."

"बाबा, ही फाइल नाहीये."

"कागदावर काहीही लिहिलं तरी उद्या कुणीतरी विचारतंच. सिद्ध करता येईल तेवढंच लिहावं. आणि 'गुड' म्हणजे काही वाईट नसतं."

मी त्यांच्यावर चिडले, आणि चिडून का होईना, त्यांनी खोडलेलं सगळं खोडलं. तिकडे 'व्हेरी गुड'चाही अर्थ बेताची असा घेतात हे मला नंतर कळलं. पण बाबांनी फक्त विशेषणं खोडली होती. प्रश्नाच्या वाक्याला त्यांनी हातही लावला नव्हता. उलट शेजारी समासात बरोबरची छोटी खूण केली होती, म्हणजे हे सिद्ध करता येतं.

ते वाक्य मी खोडलं. दार लावून घेतलं होतं, आणि एकटीच होते. दोघी एकाच विभागात अर्ज करत होतो. एकाच प्रकल्पाबद्दल, एकाच सरांच्या सहीने दोन पत्रं जाणार, आणि त्यातलं एक म्हणणार की सगळं ज्यावर उभं आहे ती कल्पना हिची. मग माझं काय राहिलं? वहीत उतरवून घेणं? मी त्या जागी लिहिलं, "प्रकल्पात तिचा सहभाग उपयुक्त होता." हे वाक्य खोटं नव्हतं. ते लिहून झाल्यावर मी उठून पाणी प्यायले, एवढं आठवतं.

दोन दिवसांनी तिने लिहिलेलं माझं पत्र आलं. वाचून मला हसूच आलं. तिने हात आखडता घेतलाच नव्हता. सरांच्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात अशी विद्यार्थिनी झाली नाही, असं होतं. आणि खाली, पाहणीची मूळ कल्पना आणि आखणी हिची, असंही होतं. मी तिला फोन केला. "ये तो तेरा था." ती म्हणाली, "अरे, दोनों का था. मेरे वाले में तूने मेरा लिखा होगा, तेरे वाले में मैंने तेरा लिख दिया. हिसाब बराबर." मी तिला म्हटलं, तुझं पाठवू का वाचायला? ती म्हणाली, "नहीं, अपनी तारीफ़ नहीं पढ़ी जाती मुझसे. सीधे सर को भेज दे." मी पाठवून दिलं. सरांनी दोन्ही पत्रं जशीच्या तशी पाठवली.

नकार एका पत्रामुळे येत नाही, हे मलाही कळतं. आणखी दोन शिक्षकांची पत्रं होती, गुण होते, निबंध होता. मी स्वतःला हे इतक्यांदा सांगितलंय की पाठ झालंय. मग जूनमध्ये तिकडच्या मार्गदर्शक बाईंनी व्हिडिओ कॉलवर ओळख करून घेतली आणि पाचव्या मिनिटाला म्हणाल्या, की आमच्या निवड समितीत तुमच्या त्या एका प्रश्नाची फार चर्चा झाली, तो कसा सुचला? बाबा मागे खुर्चीवर लसीकरणाचे कागद लावत बसले होते. मी म्हटलं, गल्लीत हिंडता हिंडता सुचला. कॉल संपल्यावर बाबा म्हणाले, "चांगलं बोललीस." जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला सरळ शाबासकी दिली, आणि ती मला घेववली नाही.

जुलैच्या शेवटी मैत्रीण गाझियाबादहून मेट्रोने आमच्याकडे आली, माझी खरेदी करून द्यायला. घासाघीस मला जमत नाही. सरोजिनीच्या बाजारात भर उकाड्यात हिवाळ्याचा कोट शोधत आम्ही दोन तास फिरलो. ती प्रत्येक कोट उलटा करून अस्तर बघत होती, शिवण ओढून बघत होती. दुकानदाराला सांगत होती, "भैया, लड़की बर्फ़ में जा रही है, मज़ाक मत करो." तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मला ते सहन होईना. मी तिथेच, कोटांच्या ढिगाशेजारी म्हटलं, "सुन, तेरा लेटर मैंने ठीक से नहीं लिखा था."

आणि मी बाबांची गोष्ट सांगितली. लाल पेन, 'आउटस्टँडिंग', 'व्हेरी गुड', सगळं. ती इतकी हसली की दुकानदारही हसायला लागला. "मतलब अंकल ने मेरी सालाना रिपोर्ट लिख दी! यार, तुम्हारे घर में तो 'ठीक है' सुनने के लिए भी गोल्ड मेडल चाहिए." तिने माझ्या खांद्यावर हात टाकला. "छोड़ ना. एडजेक्टिव से क्या होता है. वो सवाल वाली बात तो लिखी थी ना? असली चीज़ तो वही थी."

मी म्हटलं, "हाँ, वो लिखी थी."

"बस फिर. अगले साल दोबारा भरूँगी. सर को बोल देना, वही लेटर भेज दें."

आम्ही कोट घेतला. पिशवी तिनेच उचलली. स्टेशनच्या दारात ती मिठी मारून आत गेली. मी क्वार्टरवर परत आले तेव्हा आईने विचारलं, कोट कसा मिळाला, आणि मी म्हटलं, ठीक आहे.

निघण्याआधीच्या आठवड्यात मी तिचं पत्र पहिल्यापासून नव्याने लिहिलं. पहिल्याच ओळीत तो प्रश्न आणि तो कुणाचा ते. 'आउटस्टँडिंग' तीनदा. बाबांना दाखवलं नाही. सरांना पाठवून म्हटलं, पुढच्या वर्षी हेच वापरा. पुढच्या वर्षी तिने अर्ज केला नाही. वडिलांचा कारखाना बंद पडला होता आणि ती नोएडात एका ऑफिसात लागली होती. फोनवर म्हणाली, "अब देखेंगे." या वर्षीही तेच म्हणाली.

माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्या प्रश्नावरच आहे. तिचा फोन अजून येतो. प्रत्येक वेळी मी ठरवते की आज सांगायचं, आणि मग ती इथल्या बर्फाबद्दल विचारते. शेवटी वाटलं, तोंडाने होत नाही तर निदान लिहून तरी टाकावं, एक शब्द न गाळता. म्हणून हे लिहायला बसले. मराठीत लिहिलं. तिला मराठी येत नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं.