लाउकीची शून्यं

गाडी काचघरासमोर उभी केल्यावरही स्वाना काही वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. सकाळी शाळेचा प्रिंटर, मग दवाखान्यातला संगणक, आणि आता पुन्हा एर्लाच्या काकड्या. आइसलँडच्या या टापूतल्या गावांचे संगणक सांभाळणारी ती एकटीच होती. बाहेर इतका वारा, की दार दोन्ही हातांनी धरून उघडावं लागलं.

आत दमट ऊब होती. चष्म्यावर वाफ धरली. ती पुसेपर्यंत मालकीणबाई सुरू झाल्याच.

"खताचा आकडा पुन्हा शून्य! मंगळवारपासून रोज. रोपं पिवळी पडायला लागलीत."

"सोमवारी मी घरून बघितलं होतं, एर्ला. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. नीट चालत होता."

"तेच म्हणतेय मी. यंत्र तू कितीदा तपासलंस. मग उरलं कोण?" एर्लाने आवाज उतरवला. "पुढच्या आठवड्यापासून खताचं काम दुसऱ्याकडे देतेय. लाउकीला सांगितलंय तसं. येत्या गुरुवारी डॉक्टरकडे जाणार आहे तो. त्याची आई माहितीये ना तुला, शेवटी पोटच्या पोराला ओळखत नव्हती."

लाउकीची सगळी हयात या काचघरात गेली होती. रोज सकाळी खताचं प्रमाण तो संगणकात टाकायचा, आणि तेवढं खत पंप पाण्यात मिसळायचा. इथे कागदावर सगळे दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात: शून्य, स्वल्पविराम, आठ. यंत्राला मात्र मधे टिंब लागतं, हे त्याला स्वानानेच शिकवलं होतं.

तो कॉफीचा थर्मास घेऊन आला. "आली का डॉक्टरीण?"

"यंत्रांची."

"मग मलाही बघ की. माझेच स्क्रू ढिले झालेत म्हणतात." हसला, मग थर्मास खाली ठेवला. "स्वाना, मी पॉइंट आठच टाकतो गं. म्हणजे, टाकतो असं मला वाटतं. आता शपथ घ्यायची हिंमत होत नाही."

ती उपड्या क्रेटवर बसली. तिथल्याच कीबोर्डवरून प्रोग्राम चालवला, ०.८ टाकलं. ०.८ च आलं. पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. लाउकीने पडद्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. एखादी गोष्ट बरोबर चालतेय म्हणून इतकं वाईट स्वानाला कधी वाटलं नव्हतं.

तो पडदा जुना, अक्षरं बारीक, आणि तिचे डोळे दुखत होते. तिने मांडीवर लॅपटॉप उघडला आणि त्यावरून त्याच संगणकात शिरली. लाउकी वाकून बघू लागला.

"तुझं बरं आपल्या भाषेत बोलतं! आमचं मेलं सदा इंग्रजीत."

ते आइसलँडिक तिनेच केलं होतं. कॉलेजात असताना दोन हिवाळे बसून, फुकट, टर्मिनलवरच्या, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीतल्या, सूचना भाषांतरित केल्या होत्या. यंत्राने आपल्याशी आपल्या भाषेत बोलावं, असा तेव्हा हट्ट होता. आता त्याचा अभिमान वाटायचंही त्राण उरलं नव्हतं. पण तिची बोटं थांबली. आत संगणक एकच. मग या दाराने आलं की एक भाषा आणि त्या दाराने आलं की दुसरी, असं का?

तिने भाषेची मांडणी दाखवणारी कमांड दोन्हीकडे दिली. तिथल्या पडद्यावर साधी, मूळची मांडणी. लॅपटॉपवर सगळं आइसलँडिक: शब्द, तारखा, आणि आकडेसुद्धा. तिचा लॅपटॉप आपली मांडणी सोबत पाठवत होता. तिने लॅपटॉपवरून प्रोग्राम चालवला, ०.८ टाकलं.

०,०.

आइसलँडिक आकड्यांत दशांशाला टिंब बसत नाही; वाचन टिंबापाशीच थांबतं आणि उरतं नुसतं शून्य. यंत्र कुरकुरलं असणार, पण तसल्या तक्रारी पडद्यावर गर्दी करतात म्हणून तिनेच कधीतरी त्या फेकून द्यायला सांगितलं होतं. प्रोग्राम ज्याने चालू केला, त्याची मांडणी धरून चालतो. वादळात वीज जाऊन आली, की यंत्र तो स्वतःच, मूळच्या मांडणीत चालू करायचं आणि सगळं सुरळीत व्हायचं. एर्लाची तक्रार आली, की स्वाना तो घरून, आपल्या लॅपटॉपवरून चालू करायची. आणि तो चालू आहे एवढंच बघायची.

"लाउकी, तू पॉइंट आठच टाकत होतास."

"म्हणजे?"

"शून्य मी करत होते. घरी बसून. दुरुस्तीच्या नावाखाली."

तो शेजारच्या क्रेटवर हळूच टेकला. मग म्हणाला, "आणि परवा शेगडीवर भांडं करपलं ते?"

"ते तू विसरलास. माझं तर दर आठवड्याला करपतं."

"एर्लाला तूच सांग. मी सांगितलं तर म्हणेल, म्हाताऱ्याने बहाणा शोधला."

स्वानाने एर्लाला बोलावून तोच आकडा दोन्ही दारांनी टाकून दाखवला. मग प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ घातली: येणारा कुठूनही येवो, आकडे साध्या, मूळच्या मांडणीनेच वाचायचे. आइसलँडिक शब्दांना हात लावला नाही.

"लाउकी," एर्ला म्हणाली, "पुढच्या आठवड्यातही खत तूच टाक."

"पुढचा आठवडा कशाला? आजचंच राहिलंय." त्याने एका बोटाने आकडा टाकला. पंप घरघरला. तो थांबेपर्यंत लाउकी कान देऊन उभा राहिला.

गाडीपर्यंत तो सोडायला आला. वाऱ्यात दार धरून म्हणाला, "गुरुवारी जाऊन येतो तरी. वेळ घेतलीच आहे. मनात किडा नको."

"मी नेते तुला," स्वाना म्हणाली. "दवाखान्यातला संगणक तोवर पुन्हा बिघडलेला असेलच."