लेकीने झिंगे खाल्ले आणि धडकी मला भरली

मंडळी, आज दुपारी मी पार घाबरून गेलो होतो. आता बरे वाटते, म्हणून लिहितो.

लेक सातव्या महिन्यात माहेरी आली आहे. तिची आई नाही, स्वयंपाक मीच करतो. तिला झिंगे खावेसे वाटले, म्हणून ताजे आणून रस्सा केला. ती पोटभर जेवली, तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. "काहून खाऊ घातले भाऊ? पोटातल्या लेकराले बाधते ना!"

माझा घास हातातच राहिला. लेकीला ऑटोत बसवून दवाखाना गाठला.

"बाबा, मले काहीच होऊन नाही राहिलं. तुम्हीच घामानं भिजले!" लेक हसत होती.

डॉक्टरबाईंनी तिला तपासले, बाळाचे ठोके मला ऐकवले. म्हणाल्या, "ताजी, नीट शिजवलेली मासळी चालते. अर्धी कच्ची नको, अन् मोरी म्हणजे शार्क, तसले मोठे समुद्री मासे नको." मग माझाच बीपी मोजला.

घरी येऊन उरलेला रस्सा मी दोनदा उकळला. लेकीने माझ्या वाटणीचाही संपवला. मी वरणभात खाल्ला, तोही गोड लागला.

लेक पोटुशी असली की तुम्ही तिला काय खाऊ घालता? सांगा, पण घाबरवू नका.