मालिकेतली आई

बाबा गेल्यावर आईनं दिवा गावाजवळचं भातशेत दादाच्या नावावर करून दिलं. अट एकच, ती जिवंत असेपर्यंत विकायचं नाही. दादा माझ्यासमोर 'हो' म्हणालेला.

पुढे गुडघे गेले तशी ती माझ्याकडे डोंबिवलीला आली. तिला वाचता येत नाही. दुपारी मी तिला एक जुनी, गाजलेली कादंबरी वाचून दाखवायचे. नवऱ्यामागं एकटीनं जमीन कसणाऱ्या बाईची. मोठा मुलगा तिला न सांगता जमीन विकतो आणि ती त्याला शेवटपर्यंत माफ करत नाही. मरताना त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. शेत देशावरचं, ज्वारीचं. तरी आई म्हणायची, "बाय आपल्यातलीच हाय." लग्न नवीन असताना तिनं बाबांबरोबर कल्याणला त्यावरचा सिनेमा बघितलेला. त्यातही त्या बाईनं पाणी घेतलं नव्हतं, हे ती अभिमानानं सांगायची.

मग त्याच कादंबरीवर मालिका आली. आई रोज वेळेआधी टीव्हीसमोर बसायची. शेवटच्या भागाला दादाही पेढे घेऊन आला. मला वाटलं, आईच्या हौसेसाठी आलाय.

मालिकेतली आई मेलीच नाही. मुलानं शेतावर टॉवर उभा केला, तिच्या हातात त्यातल्या घराची चावी ठेवली आणि तिनं रडत त्याला पोटाशी धरलं.

आई गोंधळली. "असा नाय ना लिवलाय?"

"नाही गं. बदललंय त्यांनी."

दादा डोळे पुसत तिच्या पायाशी येऊन बसला. "आये, आपलं पण तसंच झालंय. शेत बिल्डरला दिलं मी. त्याच बिल्डिंगमध्ये तुला खोली ठेवलीय."

"कधी दिलंस?" मी विचारलं.

"पावसाच्या आधी."

दिवाळीनंतर त्यानं शेतातला नवा तांदूळ म्हणून पोतं आणून दिलेलं. आईनं मूठभर घेऊन हुंगलेला आणि म्हणालेली, औंदा वास कमी हाय.

"मग तो तांदूळ?"

"दुकानातला," तो खाली बघत म्हणाला.

आई ओरडली नाही. "टीवीतल्या बायनी माफ केला, ता बघूनशी सांगतंस मना?" एवढंच विचारलं आणि आत जाऊन आडवी झाली. पेढ्यांचा बॉक्स तसाच राहिला.

आठवड्यानं हट्ट करून तिनं मला रिक्षानं तिकडे न्यायला लावलं. भोवती पत्रे ठोकलेले. वॉचमननं आत सोडलं नाही. फटीतून बघितलं तर बांध सपाट झालेले.

पुढे बिल्डिंग उभी राहिली, पण तिथल्या घराच्या वास्तुशांतीला ती गेली नाही. दादा रविवारी येतो. ती माझ्यामार्फत सुनेची, नातवंडांची चौकशी करते; त्याच्याशी मात्र बोलत नाही. मी बोलते. पण तो काहीही सांगू लागला, अगदी भाजी कुठून आणली हेसुद्धा, तरी आधी मनात येतं, खरं असेल का?