बर्फातली डबी

माझ्या नवऱ्याचं मोठं आतडं राहणार की काढावं लागणार, हे संडासाच्या नमुन्याच्या एका डबीवर येऊन ठेपलं होतं. वर्षभर त्यांना संडासावाटे रक्त पडत होतं. औषधांनी आता थांबलंय असं ते सांगायचे, आणि मी देवाला नारळ फोडून मोकळी झाले होते.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंना तेवढ्यानं पटेना. त्यांनी मला नीट समजावलं. आतड्याच्या अस्तराला सूज आली की अंगातले पहारेकरी तिथं धावतात आणि जंतू मारणारं एक प्रथिन सोडतात. नावही लांबलचक, कॅलप्रोटेक्टिन. या दुखण्यात पहारा उठतच नाही आणि ते प्रथिन संडासात उतरत राहतं. फार वाढलेलं निघालं तर औषधं हरली म्हणायची. मग ऑपरेशन आणि पोटावर संडासाची पिशवी.

नमुना थंड ठेवून आणा, म्हणाल्या. आम्ही ढिवर, तलावातली मासळी लाखनीहून नागपूरला पाठवणारे. थंड ठेवणं आम्हाला कोणी शिकवावं? मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, वर बर्फ, मधे डबी दाबून बसवली आणि पेटी मांडीवर घेऊन बसमध्ये यांच्या शेजारी बसले. लॅबमध्ये उघडली तर वितळलेलं पाणी डबीत शिरलेलं, वरून रोहूचा वास. तिथल्या पोरीनं नाकाला रुमाल लावला आणि दुसरा नमुना आणायला सांगितलं. असा संताप आला मला! तिचा नाही, माझ्याच मेल्या अकलेचा.

हे बाहेर बाकावर बसले होते. म्हटलं, उद्या परत आणू, या वेळी डबी नीट बांधून आणीन. त्यांनी मान वर केली नाही.

"कायले आनतेस? रगत थांबलाच नाई."

मग हळूहळू सगळं बोलले. रोज पहाटे उठून संडास स्वतःच धुवून टाकायचे, मला दिसू नये म्हणून. डबीतही रक्त नसलेला भाग निवडून भरला होता. ते प्रथिन रक्त नसलेल्या भागातही असतं, त्याला असं फसवता येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"पिशवी लागली त मले पान्यात कोन उतरू देईन?"

रडू आलं आणि रागही आला. उठले, त्यांचा दंड धरला आणि डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याकडे निघाले. जाळं ओढणारा तो दंड माझ्या एका मुठीत मावला.