कदम सरांची जर्मन चिल्लर

चार माणसं दर रविवारी एकत्र बसली की किस्से आपोआप साठतात. आम्ही तर तिघंच, तरी साठले. लोणावळ्याला कदम सरांच्या व्हरांड्यात आम्ही जुनी नाणी बघत बसतो: इतिहास शिकवून निवृत्त झालेले सर, रेल्वेत गँगमन असलेले कुरवंड्याचे गेणू आबा आणि खंडाळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर असणारा मी. सरांचं वेड म्हणजे अठराव्या शतकातल्या छोट्या छोट्या जर्मन संस्थानांची चिल्लर. हेलर, फेनिग असले तांब्याचे, नखाएवढे पैसे.

*

एका नाण्यावर उघडाबंब दाढीवाला, हातात मुळासकट उपटलेलं झाड. हा ब्रुन्सविक संस्थानाचा रानमाणूस, असं सरांनी सांगितलं. आबांनी भिंग लावून पाहिलं.

"फॉरेस्टवाल्यांनी ह्याला धरलं न्हाई व्हय?"

*

काही संस्थानं इतकी लहान, की घोडेस्वार सकाळी निघाला तर दुपारी पलीकडे. तिथे राजा वेगळा, नाणं वेगळं. आबा विचारात पडले.

"म्हंजी लोनावळ्याची चिल्लर उर्शाला चालायची न्हाई?"

अगदी तसंच, सर म्हणाले. तेव्हापासून उर्शाचा टोलनाका आला की आबा म्हणतात, "आला परदेस!"

*

आमच्या हॉटेलात एक जर्मन इंजिनिअर उतरला होता. त्याला मी सरांकडे नेलं. सरांनी गाव विचारलं, अल्बम उघडला आणि अस्वलाचं चित्र असलेलं नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याच्याच गावच्या राजाचं! त्याने फोटो वडिलांना पाठवला. त्यांचं उत्तर त्याने वाचून दाखवलं. असंच एक नाणं आजोबांकडे होतं, युद्धात गेलं.

निघताना सरांनी ते त्याच्या खिशात घातलं.

*

गेल्या वर्षी सरांची बायपास झाली. बारा दिवस पुण्याच्या हॉस्पिटलात. गुडघ्यांमुळे सरांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, घरीच राहावं लागलं. सर परतल्यावर पहिल्याच रविवारी काकूंनी आमच्यासमोर अल्बम ठेवला. सगळी नाणी लखलखत होती. त्यांनी ती रोज थोडी थोडी चिंचेने घासली होती.

आबा आणि मी खाली मान घालून बसलो. जुन्या नाण्यावरचा काळा थर हेच त्याचं मोल. घासला की संपलं. काकूंना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"तुम्ही तिकडे. हातांना काहीतरी काम हवं होतं," त्या म्हणाल्या.

सर एकेक नाणं उचलून बघत राहिले. मग त्यांनी मला कपाटातली छोटी डबी आणायला सांगितली. तीस वर्षं शोधून मिळालेला, काळाकुळकुळीत हेलर तिच्यात होता. अल्बममध्ये त्यांनी तो कधी लावलाच नव्हता.

तो त्यांनी काकूंच्या हातावर ठेवला.

"हा एक घासायचा राहिला."