शेजारणीची मेलबॉक्स आणि लेकीची गेलिक

आमची ऋता युनिव्हर्सिटीत क्रिमिनॉलॉजी आणि गेलिक असे दोन विषय एकत्र शिकते. गेलिक म्हणजे स्कॉटलंडच्या बेटांवर जेमतेम उरलेली जुनी भाषा.

“त्या भाषेत बोलणारे चोर असे किती असतील गं?” मी विचारलं होतं.

“बाबा, चोरांचा प्रश्न नाहीये. घाबरलेल्या माणसाला परक्या भाषेत स्टेटमेंट द्यावं लागलं तर काय होतं, ते मी स्टडी करतेय.”

मी मान डोलावली. (मी आयटीत आहे. न कळलेल्या गोष्टींवर मान डोलावूनच इथवर आलोय.)

सुट्टीत ती हर्नडनला घरी आली. संध्याकाळी बार्बेक्यू होतं, म्हणून ग्रिलचा गॅस सिलिंडर बदलायला निघालो. गाडी रिव्हर्स घेतली आणि शेजारच्या बाईंची मेलबॉक्स खांबासकट आडवी केली. बाई गावाला गेलेल्या. गुपचूप निघून जाणं बरं दिसेना, म्हणून मीच पोलिसांना फोन लावला.

घाबरलो की माझं इंग्रजी थेट मराठीतून येतं. ‘मेलबॉक्स उडवली’ याचं मी जागच्या जागी भाषांतर केलं, “आय ब्ल्यू अप द मेलबॉक्स.” म्हणजे स्फोट घडवून.

फोनवरची बाई सावध झाली. मग अतिशय गोड आवाजात तिनं विचारलं, “कशानं उडवलीत?”

“गाडीनं.”

“गाडीत आणखी काही आहे?”

“गॅस सिलिंडर,” मी प्रामाणिकपणे म्हणालो.

बघता बघता दोन पोलीसगाड्या आणि एक बंब दारात. मी हात वर करून उभा. माझी बायको सुनीता दारातून म्हणाली, “अहो, सिलिंडरच आणायला निघाला होतात ना? मग हा बंब कशाला आणलात?”

तेवढ्यात ऋता सपाता घालून बाहेर आली. ऑफिसरशी दोन शब्द बोलली आणि माझ्याकडे वळली.

“बाबा, इंग्रजी बंद. काय झालं ते मला मराठीत सांगा.”

मी सांगत गेलो, ती वाक्यावाक्याला इंग्रजीत सांगत गेली. आमच्या भाषेत बाँबनं उडवणं आणि गाडीनं उडवणं, दोन्हीला एकच क्रियापद आहे, हेही तिनं शांतपणे समजावलं. ऑफिसरनं आडवी मेलबॉक्स पाहिली, माझा चेपलेला बंपर पाहिला आणि मला हात खाली घ्यायला सांगितलं. ऋताचा आवाज एकदाही हलला नव्हता. रस्ता ओलांडताना जिचा हात मी घट्ट धरायचो, तिच्या पाठीमागे मी उभा होतो, आणि तिथं फार बरं वाटत होतं.

या प्रसंगावर तिनं पेपर लिहिला. तो प्रोफेसरबाईंना इतका आवडला की त्यांनी मला वर्गात बोलावलं. मी नवा शर्ट घेतला, भाषण लिहायला बसलो.

“भाषण कशाला?” ऋता म्हणाली. “बाबा, तुम्हाला स्पीकर म्हणून नाही बोलावलं. नमुना म्हणून बोलावलंय.”