मावशीने न घेतलेलं प्रभुभोजन

"सांग बरं, कोनासंगं बोलनं बंद हाय का तुहं?"

दारात चप्पल काढता काढताच मावशी विचारायची. दर महिन्याच्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी अकोल्यातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या घराघरांतून तिची ही फेरी ठरलेली. रविवारी उपासनेत सगळ्यांनी मिळून प्रभूच्या नावाने खायची बेखमीर भाकर तिच्याच हातची असायची, आणि अबोला धरलेल्यांनी एका भाकरीतलं खाऊ नये, हा तिचा हट्ट. नात्याने ती कोणाचीच मावशी नव्हती. सारी उमर नर्स म्हणून गेलेली. ताप आहे का विचारावं तसं अबोल्याचं विचारायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आली की टाळावीशी वाटतात, नाही आली की चुकल्यासारखं होतं. एकदा दोन जावांचा अबोला मोडेपर्यंत ती त्यांच्या ओट्यावर ठाण मांडून बसली. शेवटी तिला उठवायचं म्हणूनच त्या एकमेकींशी बोलल्या. "मले बोलल्याशी मतलब," म्हणत मावशी चहा पिऊन निघाली.

मग विधानसभेची निवडणूक आली. माझा थोरला भाऊ मंडळीचा सेक्रेटरी. एका उमेदवाराने कबरस्तानाला भिंत बांधून देतो म्हटलं आणि दादाने त्याला उपासनेनंतर बोलायला बोलावलं. याच उमेदवाराच्या पोरांनी नाताळात आमची गाण्याची फेरी रस्त्यात अडवली होती. मी मंडळीच्या ग्रुपवर लिहिलं, 'आमचा सेक्रेटरी विकला गेला.' दादाने लिहिलं, 'याला भिंत नको, भांडण पाहिजे.' आठवड्याभरात अर्धी मंडळी चर्चमध्ये डाव्या बाकांवर दादाजवळ, अर्धी उजवीकडे माझ्याजवळ. खरं सांगतो, मला तेव्हा बरंच वाटत होतं.

शनिवारी मावशी आली. "कोनासंगंच नाई," मी सांगितलं. दादानेही तेच सांगितल्याचं नंतर कळलं.

रविवारी भाकरीचं ताट फिरलं. मी तुकडा घेतला, दादाने घेतला. मावशीने ताट तसंच पुढे दिलं आणि ती उभी राहिली.

"मी नाई घेत. दोघं भाऊ खोटं बोलून राहिले, हे मले समजलं होतं. तरी मी भाकर केली. चूक माही हाय. हे बोलतीन तवाच घेईन."

पाळकसाहेबांनी घाईने शेवटची प्रार्थना उरकली.

निकाल लागला, बॅनर उतरले. आम्ही दोघं मात्र अडून बसलो. आधी त्याने बोलावं असं माझं, आधी मी बोलावं असं त्याचं. दर महिन्याला मावशी भाकर करून आणायची आणि ताट पुढे सरकवायची. मला लाज वाटायची, आणि मग तिचाच राग यायचा.

पुढच्या पावसाळ्यात तिने अंथरूण धरलं. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन तिच्या घरी गेले, मी दाराशी उभा होतो.

"बोलले का ते?" तिने विचारलं.

पाळकसाहेबांनी दाराकडे, माझ्याकडे पाहिलं.

"मंग राहू द्या."

तसाच उठून दादाकडे जायला हवं होतं. मी म्हटलं, उद्या जाऊ. सकाळी ती गेल्याचा निरोप आला.

पेटी खड्ड्यात सोडताना दोराचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं दादाच्या. पेटी दादाच्या बाजूला कलली.

"दादा, हळू."

"धरलं म्या. सोड तू."

सगळी मंडळी ऐकत होती. एवढंच जिला ऐकायचं होतं, तिच्यावर आम्ही दोघांनी मिळून माती लोटली.